घरी काडतुसं भरायची तर: ३८ स्पेशलपासून सुरुवात

आधी शब्द नीट लावून घेऊ. मराठीत आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणून मोकळे होतो, पण रिलोडिंगच्या टेबलावर ते चालत नाही. अख्खी वस्तू म्हणजे काडतूस. त्याचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्राइमर, पोटात पावडर आणि तोंडाशी बुलेट. बार उडाला की पावडर जळते, प्राइमर निकामी होतो, बुलेट निघून जाते आणि पुंगळी तेवढी मागे राहते. चौघांत तीच सगळ्यात महाग, आणि पुन्हा वापरता येते तीही तीच. तिला मूळ मापावर आणायचं, नवा प्राइमर बसवायचा, मोजून पावडर घालायची, वर नवी बुलेट. रिलोडिंग ते एवढंच. वाचायला चार ओळी लागल्या; मी पहिलं पन्नासचं खोकं भरलं तेव्हा अख्खा रविवार गेला होता.

मी ओहायोत राहते, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि आठवड्यातून एकदा क्लबमध्ये ३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरने कागदी टार्गेटवर नेम धरते. या राज्यात पिस्तुलाच्या नेमबाजीला जुनी परंपरा आहे. ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे नेमबाजी म्हटलं की घरातून पहिला प्रश्न राही सरनोबतबद्दल येतो. राहीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. पण तिचा तो प्रकार २२ रिमफायरचा. त्या काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, वेगळा प्राइमर नसतो, म्हणून २२ची पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. इथे जे लिहितेय ते सेंटरफायरचं, म्हणजे बुडाच्या मधोमध प्राइमर असलेल्या काडतुसांचं.

कायद्याचं आधी, बाकी सगळं नंतर. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून बनवून विकायची तर लागतो, म्हणून मित्राला ‘पैसे दे, तुझीही भरून देते’ असं कधी म्हणू नका. राज्यांचे आणि गावांचे नियम वेगळे असतात. इलिनॉयमध्ये काडतुसं नुसती जवळ बाळगायलाही फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय एक पुंगळीही घरी आणू नका. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही. मीही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत रेंजची पायरी चढले नाही.

आणि भारतात हे करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, छंद म्हणून केलं तरी. त्यालाच धरून एक घरगुती नियम: रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरायची नाही. एखादं काडतूस अस्तरात सरकून राहतं, विमानतळावरच्या यंत्रात दिसतं आणि पुढे पोलीस ठाणं. माझी रेंजची बॅग लाल आहे आणि ती बेसमेंटच्या वर येत नाही.

सुरुवातीला एकच काडतूस निवडा. नऊ मिलिमीटर सगळीकडे मिळतं, पण शिकायला मी ३८ स्पेशल सुचवेन. पुंगळी सरळ उभी, नळकांड्यासारखी, हाताळायला मोठी. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या उडवून टाकत नाही, सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) उघडला की सगळ्या आपल्याच ओंजळीत, गवतात शोधत फिरावं लागत नाही. दाबही सौम्य: ३८ स्पेशलची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, तर नऊ मिलिमीटरची ३५,०००. मात्र या पुंगळीत एक खोड आहे. ती १८९८च्या सुमाराची, काळ्या दारूच्या काळातली, म्हणून आत जागा भरपूर. आजची धूररहित पावडर त्या पोटात तळाला जेमतेम चिमूटभर दिसते. म्हणजे चुकून दोनदा घातली तरी ती बाहेर सांडून ओरडत नाही, गुपचूप मावते. हे डोक्यात पक्कं बसवा. पुढे जे जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं या एका गोष्टीसाठी आहे.

सामानाकडे वळू. ली, आरसीबीएस, हॉर्नडी, लायमन यांपैकी कुणाचाही सिंगल-स्टेज प्रेस घ्या, म्हणजे दांडा एकदा ओढला की एकच काम करणारा. पाच कामं एका फेरीत करणारे प्रोग्रेसिव्ह प्रेस असतात, डिलनचे प्रसिद्ध आहेत, पण शिकताना ते नको. पाच गोष्टी एकदम हलत असतील तर पाचही ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं, आणि नवख्या माणसाला कुठे पाहायचं तेच माहीत नसतं. ३८साठी तीन डायचा, म्हणजे प्रेसमध्ये बसवायच्या साच्यांचा, संच लागतो. पहिली डाय पुंगळीला मापावर आवळते आणि जुना प्राइमर ढकलून काढते, दुसरी तोंड किंचित फाकवते, तिसरी बुलेट बसवून कड दाबते. पहिली डाय कार्बाइडची आहे ना ते पाहून घ्या. कार्बाइड असेल तर प्रत्येक पुंगळीला वंगण लावायचं आणि मग पुसत बसायचं काम वाचतं. जोडीला पुंगळी धरून ठेवणारा त्या मापाचा शेल होल्डर, पन्नास भोकांचे दोन ठोकळे, हाताने प्राइमर बसवायचं साधन, पावडरचं माप, धातूचा कॅलिपर, तयार काडतूस तपासायचं केस गेज आणि चुकलेलं काडतूस उकलायचा खास हातोडा (काडतूस त्याच्या पोटात बसवून आपटायचं, काडतुसावर ठोकायचं नाही). हातोडा नंतर घेऊ म्हणू नका, पहिल्याच दिवशी लागतो. आणि डोळ्यांना चष्मा. नंबरचा असला तरी त्यावर संरक्षणाचा.

लोडिंग मॅन्युअल तर यंत्राच्याही आधी घ्यायचं. लायमनचं, हॉर्नडीचं, स्पीअरचं, यांतली निदान दोन असावीत. कोणत्या बुलेटला कोणती पावडर, किती ग्रेनपासून किती ग्रेनपर्यंत (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), काडतुसाची एकूण लांबी किती, हे सगळं तिथे प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेलं असतं. मी इथे पावडरचा एकही आकडा देणार नाही, आणि कुणी तोंडी सांगितलेला आकडा तुम्हीही वापरू नका. बुलेट बदलली, अगदी तेवढ्याच वजनाची दुसऱ्या घडणीची आली, तरी आकडा बदलतो. मॅन्युअलमध्ये ‘सुरुवातीचा’ आणि ‘कमाल’ असे दोन आकडे असतात. सुरुवात सुरुवातीच्याच आकड्याने करायची, मधून नाही. खालीही जायचं नाही. फार कमी पावडरीने बुलेट नळीतच अडकू शकते.

आता काट्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

या धंद्यातलं सगळं वजन ग्रेनमध्ये असतं. पहिल्यांदा मॅन्युअल उघडलं तेव्हा मला परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. फार्मसीत ग्रेन हे जुनं माप आहे. ३२५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन म्हणजे आमच्या आधीच्या पिढीची पाच ग्रेनची गोळी. आणि त्याहूनही जुनी ओळख घरची. आमचं सोन्याचं दुकान कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत. तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, हे अण्णांकडून कानावर पडलेलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एका गुंजेचे पावणेदोन ग्रेनपेक्षा जरा जास्तच होतात. इथल्या बंदुकीच्या दुकानात ४० कॅलिबरची १८० ग्रेनची बुलेट तळहातावर घेतली आणि मनात म्हटलं, हा एक तोळा. मी वापरते ती ३८ची चपट्या तोंडाची वॉडकटर बुलेट १४८ ग्रेनची, एकोणऐंशी गुंजांना किंचित कमी. पावडरचा एक पौंडाचा डबा ७,००० ग्रेनचा. आणि रिलोडिंगच्या काट्याने दाखवायचा फरक ग्रेनच्या दहाव्या भागाचा, म्हणजे गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग. तेवढ्या सोन्यासाठी अण्णा गिऱ्हाइकाशी कधी बोलले नसते, पण काट्यावर मात्र पाहिलं असतं.

अण्णांचा काटा काचेच्या पेटीत असे. वजन करताना पंखा बंद, आणि आम्हा मुलांना बोलायची बंदी. ‘वारं काटा खोटा करतं’ एवढंच म्हणत. मी बेसमेंटमध्ये बीमचा, म्हणजे दांडीचा, काटा मांडला तेव्हा हे विसरले. पहिल्या संध्याकाळी तेच चाचणीचं वजन एकदा बरोबर दाखवी, पाच मिनिटांनी दोन दशांशाने कमी. काटा खराब निघाला म्हणून परत करायच्या बेतात होते. मग घर तापवायची भट्टी सुरू झाल्याचा आवाज आला आणि दांडी हलली. टेबलाच्या बरोबर वर गरम हवेची जाळी होती. जाळी बंद केली, जुन्या मत्स्यपेटीची एक काच आडवी लावली, दांडी ठाम उभी राहिली. इलेक्ट्रॉनिक काटा घेतलात तरी हेच: वाऱ्यापासून दूर, मोबाइलपासून दूर, चालू करून थोडा वेळ तापू द्या. कोणताही काटा असो, चाचणीची वजनं स्वतंत्र विकत घ्या आणि बसताना एकदा, मध्ये एकदा, उठताना एकदा ती ठेवून पाहा. उठताना चुकलं, तर त्या बसणीतली सगळी काडतुसं संशयित धरायची.

जागा कशी हवी? दार लागतं अशी. मुलं, मांजर, टीव्ही काही नको. सिगारेट, उदबत्ती, समई काहीही पेटतं नको. पावडर आणि प्राइमर त्यांच्या मूळ डब्यांतच ठेवायचे, बरणीत ओतायचे नाहीत. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत घरासाठी मूळ डब्यांतली २० पौंड पावडर आणि १०,००० प्राइमर अशी मर्यादा आहे. नवशिक्याला त्याच्या दहाव्या हिश्शाचीही गरज पडत नाही. पावडर बंदुकीच्या लोखंडी तिजोरीत कोंडू नका. उघड्यावर ती भरभर जळते, घट्ट कोंडली तर फुटते. कपाट साधं लाकडी, थंड आणि कोरडं बरं. पावडर आणि प्राइमर एकमेकांपासून लांब ठेवा.

आणि शिसं. बाकी सगळे लोक स्फोटाला घाबरतात. मी फार्मसीवाली, मला शिशाची भीती जास्त वाटते. बहुतेक प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं, उडाल्यावर त्याची राख पुंगळीच्या आत बसते. त्या पुंगळ्या कोरड्या भुश्शात फिरवून घासल्या की ती राख धुळीने हवेत येते. गुजरीत दुकानापुढची धूळसुद्धा झारेकरी धुऊन नेत, कारण तिच्यात सोनं असे. या टेबलाखालच्या धुळीत शिसं असतं, आणि ते रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागून पोटात जातं. म्हणून मी पुंगळ्या ओल्या घासते: पाणी, थोडा साबण, स्टीलच्या बारीक सुया आणि फिरतं पिंप. फरशी केरसुणीने झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते. टेबलाशी खाणं नाही, चहा नाही. हातमोजे घालते, आणि उठल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात धुते. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. डॉक्टरांना का ते मोकळेपणाने सांगा.

आता काम. पुंगळ्या उजेडात एकेक पाहा. तोंडाला चीर असेल तर बाद. स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर बाद. आत डोकावलं की तळाशी मधोमध एकच भोक दिसायला हवं. तो बॉक्सर प्राइमरचा प्रकार. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, ती आपल्या डायमधून निघत नाही, जोर केला तर पिन मोडते. (बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालतो तो बॉक्सरचा प्राइमर.) ३५७ मॅग्नमच्या पुंगळ्या ३८च्या ढिगात मिसळतात. व्यास तोच, लांबी जास्त: ३८ची कमाल लांबी १.१५५ इंच, ३५७ची १.२९०. बुडावरची अक्षरं वाचून वेगळ्या करा.

घासून पूर्ण वाळवल्या की पहिली डाय. प्रेसचा दांडा खाली आणताना हाताला एकसारखा विरोध जाणवतो. तो विरोध ओळखीचा होऊ द्या. एखादी पुंगळी अगदी सहज गेली, तर बहुतेक तिला चीर आहे. एखादी अडली, तर आत दुसरी छोटी पुंगळी अडकलेली असते. दुसऱ्या डायने तोंड फाकवायचं ते बुलेट हात सोडल्यावर सरळ उभी राहील इतकंच. जास्त फाकवलं तर पितळ थकतं आणि दोन-चार फेऱ्यांतच चिरतं.

प्राइमर हाताने बसवा. हात कोरडे, तेलाचा थेंब नाही. सावकाश दाबत न्यायचा, खटकन नाही. पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा तो केसभर खाली बसला पाहिजे. डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं: प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून तर्जनी फिरवा, खड्डा लागला तर ठीक, उंचवटा लागला तर वेगळी काढा. उंच राहिलेला प्राइमर रिव्हॉल्व्हरच्या चौकटीला घासतो आणि सिलिंडर अडतो. कुठे काही अडलं तर दांड्यावर जोर करायचा नाही. या एका भागाशी झटापट करायची नसते.

मग पावडर. टेबलावर एका वेळी एकच डबा, बाकी कपाटात. डब्यावरचं नाव मोठ्याने वाचा आणि मॅन्युअलच्या पानावरच्या नावाशी ताडून पाहा. काही नावं एका आकड्याने वेगळी असतात आणि गुण पार वेगळे. कुणी प्रेमाने अर्धा उघडा डबा देऊ केला, तर नम्रपणे नको म्हणा. उठताना मापात उरलेली पावडर त्याच डब्यात परत जाते, मापात रात्रभर राहत नाही. मापातून पहिले दहा डाव काट्यावर टाकून पाहा, एकसारखे येईपर्यंत पुंगळीकडे वळू नका. पुढेही दर पाचवा-सहावा डाव काट्यावर जायला हवा.

माझी पद्धत अशी. डावीकडच्या ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उलट्या, तोंड खाली. उलटी पुंगळी म्हणजे रिकामी, यात शंकेला जागा नाही. एक उचलायची, पावडर घालायची, उजवीकडच्या ठोकळ्यात सरळ ठेवायची. पन्नास झाल्या की टॉर्च घेऊन उजवा ठोकळा पाहायचा, एकेक ओळ, बोट ठेवून. प्रत्येक पोटात पातळी सारखी हवी. एखादी रिकामी किंवा एखादी दुप्पट भरलेली असली, तर लगेच नजरेत येते. हे पाहिल्याशिवाय एकाही तोंडावर बुलेट ठेवायची नाही.

ही पद्धत मला एका सोमवारी लागली. तोवर मी एकाच ठोकळ्यात सगळ्या सरळ ठेवून ओळीने पावडर घालत होते. मधेच आईचा व्हिडिओ कॉल आला, घरी पूजा होती, सगळे एकेक करून पडद्यासमोर आले. दहा मिनिटांनी परत बसले आणि मला वाटलं त्या पुंगळीपासून पुढे सुरू केलं. शेवटी टॉर्च मारला. तिसऱ्या ओळीत चौथी पुंगळी वेगळी दिसली. बाकीच्यांच्या तळाशी राखाडी सावली होती, हिच्यात राखाडी टेकडी. काट्यावर ओतली तर बरोबर दुप्पट. ती माझ्या हातात, चेहऱ्यापासून दोन फुटांवर उडाली असती. मी पन्नासही पुंगळ्या डब्यात ओतून परत रिकाम्या केल्या आणि त्या दिवशी दिवा बंद केला. आता बसते तेव्हा फोन वरच्या मजल्यावर असतो. कुणी दार वाजवलं, तर हातातली पुंगळी रिकामी करून उलटी ठेवते आणि मगच उठते.

बुलेट बसवणं त्यामानाने सुखाचं. वॉडकटर ही चपट्या तोंडाची, पूर्ण पुंगळीत बुडणारी बुलेट. कागदाला पंचने पाडल्यासारखं गोल भोक पाडते, म्हणून नेमबाजांची आवडती. डाय हळूहळू खाली आणत मॅन्युअलमध्ये दिलेली लांबी गाठा, दर वेळी कॅलिपरने मोजत. जास्त खोल बसवली की आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. नऊ मिलिमीटरच्या छोट्या पुंगळीत तर फार लवकर. शेवटी कड दाबायची: रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला कड आत किंचित वळवतात, म्हणजे झटक्याने बुलेट सरकत नाही. नऊ मिलिमीटरचं काडतूस तोंडाच्या कडेवर टेकून बसतं, तिथे कड वळवायची नाही, नुसतं फाकवलेलं सरळ करायचं. बसवणं आणि दाबणं मी दोन वेगळ्या फेऱ्यांत करते. वेळ जातो, पण बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं.

तयार काडतूस केस गेजमध्ये टाका. स्वतःच्या वजनाने टपकन आत पडलं आणि उलटं केल्यावर बाहेर आलं, तर पास. बंदुकीत घालून तपासायचा मोह घरात नको. मग खोक्यावर चिठ्ठी: तारीख, पुंगळी, प्राइमर, पावडरचं नाव आणि वजन, बुलेट, लांबी. तेच वहीत. चिठ्ठी नसलेल्या खोक्यातली काडतुसं माझ्याकडे सरळ उकलायच्या हातोड्यात जातात.

पहिल्या वेळी पन्नास भरूच नका, दहा भरा. रेंजवर शेजारी अनुभवी माणूस असू द्या. मला क्लबमधले एक निवृत्त टूलमेकर लाभले, बोलत कमी, पण प्रत्येक बाराला मान तिरकी करून ऐकत. ते मलाही ऐकायला शिकवून गेले. सिलिंडरमध्ये एकच काडतूस घाला, झाडा, नळी तपासा, मग दुसरं. आवाज फुसका आला, हाताला धक्का कमी बसला, कागदावर भोक नाही, तर तिथेच थांबा. नळी समोरच ठेवून बंदूक रिकामी करा आणि नळीत बुलेट अडकली आहे का ते पाहा. पावडर राहून गेली, तर नुसता प्राइमरही बुलेटला नळीत ढकलून अडकवू शकतो, आणि तिच्यामागे दुसरा बार गेला की नळी फुटते. स्पर्धा चालू असली, मागे रांग असली, घड्याळ लागलेलं असलं, तरी थांबायचं. उलट बाजूने, पुंगळ्या सिलिंडरमधून बोटाने ढकलून निघेनात, तर दाब जास्त आहे. उरलेली काडतुसं घरी न्यायची आणि उकलायची.

काही न घडता दहाही गेली, तर कागद काढून आणा आणि वहीत त्याच पानाशी डकवा. माझ्या पहिल्या कागदावर दहापैकी सहा भोकं काळ्या वर्तुळात आहेत आणि खाली लिहिलंय: दहा नेल्या, दहा आणल्या, एकीच्या तोंडाला चीर, नऊ घासायला टाकल्या.